कुणीही चालेल म्हणणाऱ्यांना

‘किल’ या हिंदी सिनेमाचा इंग्रजी रिमेक होणार ही बातमी २०२४च्या जुलैच्या सुमारास आली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. निखिल नागेश भट यांचा हा सिनेमा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिल्लीला निघालेली गाडी, रात्री डब्यांत शिरलेली दरोडेखोरांची टोळी आणि प्रवाशांत दोन कमांडो, त्यांतला एक नायक. सगळी लढाई सुऱ्यांची, मुठींची, कोपरांची आणि हाताला लागेल त्या वस्तूंची. बर्थांच्या मधल्या अरुंद बोळातल्या त्या मारामाऱ्या परवेझ शेख आणि कोरियाचे से-योंग ओ यांनी बसवल्या आहेत. ‘जॉन विक’वाले चॅड स्टाहेल्स्की हा सिनेमा इंग्रजीत आणणार म्हटल्यावर छाती फुगणं साहजिक होतं. माझीही फुगली.

मी एवढंच विचारलं, की नायक कोण असेल? मिरजेचा मित्र उसळलाच. “कुणी का असेना! गोरा घेऊ देत, काळा घेऊ देत. गोष्ट आपली आहे ना? हा कातडीचा हिशोब म्हणजे तुम्हा अमेरिकावाल्यांना लागलेलं खूळ आहे. आम्ही इथे सिनेमा बघतो, वर्ण नाही बघत.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण याच्यासोबत मी शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला कराटे शिकलो. स्टेशनजवळच्या सलूनमध्ये आरशाच्या वर ब्रूस लीचं पोस्टर होतं. उघडं अंग, छातीवर ओरखडे, मूठ वळलेली. केस कापायला आम्ही दोघं तिथेच जायचो, दुसरीकडे स्वस्त असूनही. तो माणूस चिनी की अमेरिकन हे आमच्या गावीही नव्हतं. तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि सिअ‍ॅटलच्या लेक व्ह्यू दफनभूमीत विसावला आहे, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. आता सिअ‍ॅटलच्या तळ्यावरचा ५२०चा पूल ओलांडला की थोड्याच वेळात मी तिथे पोचतो.

मित्राचा सगळ्यात जोरकस मुद्दाही ब्रूस लीचाच. १९७१ साली हाँगकाँगमध्ये पिअर बर्टन या कॅनेडियन पत्रकाराने त्याची मुलाखत घेतली. त्यात ब्रूस ली स्वतःच सांगतो, की चिनी नायक म्हणजे धंद्याच्या दृष्टीने जोखीम, असं अमेरिकेतल्या लोकांना वाटतं आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. परदेशी नट हाँगकाँगमध्ये आला तर पैसे लावणारा म्हणून मलाही हीच काळजी वाटेल. “बघ, त्याला स्वतःला व्यवहार कळत होता. तुम्हीच रडताय,” असं मित्राचं म्हणणं.

ती मुलाखत मी अनेकदा पाहिली आहे. समोरच्या माणसाने अपमान पाहू नये म्हणून समजूतदारपणे बोलणारा माणूस मला तिच्यात दिसतो. पुढच्याच वर्षी ‘कुंग फू’ ही मालिका आली. शाओलिन मठात वाढलेला भिक्षू अमेरिकेच्या पश्चिमेत भटकतो, अशी गोष्ट. पात्र अर्धं चिनी ठेवलं आणि दिलं डेव्हिड कॅरडाइनला, ज्याला तेव्हा कुंग फूचा गंध नव्हता. ब्रूस लीचं नाव विचारात घेऊन बाजूला ठेवलेलं होतं. तो हाँगकाँगला गेला, तिथे नायक झाला आणि मग हॉलिवूडच ‘एंटर द ड्रॅगन’ घेऊन त्याच्या दारी आलं. २० जुलै १९७३ला, वयाच्या ३२व्या वर्षी, तो गेला. सिनेमा लागला तो त्यानंतर, आणि जगभर चालला. जोखमीचा तो सगळा हिशोब साफ चुकलेला होता आणि हे बघायला तो उरला नव्हता. त्याचं ते समजूतदार उत्तर आज ‘कुणीही चालेल’ म्हणण्यासाठी वापरलं जातं याची मला मनापासून चीड येते.

दुसरा मुद्दा ‘सेव्हन सामुराई’चा. १९५४चा हा जपानी सिनेमा १९६०मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ झाला, सामुराईंचे काउबॉय झाले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. अगदी मान्य. कारण तिथे सगळंच हललं. गाव मेक्सिकोतलं झालं, तलवारीच्या जागी पिस्तूल आलं, घोडे, टोप्या, भाषा, सगळं. तिथे कुणी जपानी असल्याचं सोंग करत नव्हतं. माझं भांडण मठ, गणवेश, गुरू, ध्यानधारणा, सगळा पूर्वेचा ऐवज जसाच्या तसा ठेवून फक्त मधला माणूस बदलण्याशी आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो सिनेमा. १९८४चा ‘द कराटे किड’ आम्ही दोघांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. त्यात एक प्रसंग आहे, तेव्हा आम्हाला तो कंटाळवाणा वाटायचा. कराटे शिकणारा डॅनिएल रात्री त्याचे गुरू मियागी यांच्या घरी येतो. म्हातारा जुन्या लष्करी गणवेशात, भरपूर प्यालेला. लग्नाचा वाढदिवस असतो. डॅनिएल त्यांना झोपवतो आणि तिथे पडलेले कागद वाचतो. दुसऱ्या महायुद्धात मियागी अमेरिकेच्या बाजूने युरोपात लढत असताना त्यांची बायको आणि नुकतं जन्मलेलं बाळ मॅन्झनारच्या छावणीत, बाळंतपणात दगावलेलं असतं. ती छावणी अमेरिकेचीच, जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबण्यासाठी उभारलेली. कागदांजवळच देशाचं सर्वोच्च शौर्यपदक. मियागी झालेले पॅट मोरिता कॅलिफोर्नियात जन्मलेले. लहानपणी पाठीच्या क्षयामुळे वर्षानुवर्षं इस्पितळात होते आणि बरे झाल्यावर त्यांना थेट छावणीत आईवडिलांकडे पाठवलं गेलं. सिनेमातला तो तुटक जपानी उच्चार त्यांनी भूमिकेसाठी आणलेला. एरवी ते इथल्या कुणाहीसारखं बोलायचे. त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

२०१०चा रिमेक बीजिंगला गेला. नायक डेट्रॉइटहून आलेला काळा मुलगा, जेडन स्मिथ. गुरू मिस्टर हान, म्हणजे जॅकी चॅन. शिकवतात कुंग फू, नाव मात्र कराटेचंच राहिलं. चीन काय नि जपान काय, एकूण एकच, असं ते नाव ठेवणाऱ्यांना वाटलं असणार. काळा मुलगा नायक झाला याबद्दल माझी तक्रार नाही. तेही इथे सहज मिळत नाही. पण त्या दारूच्या प्रसंगाचं काय झालं ते बघा. मिस्टर हान घरात एक गाडी दुरुस्त करतात आणि दरवर्षी ठरावीक दिवशी स्वतःच ती फोडतात, कारण त्या गाडीच्या अपघातात त्यांची बायको आणि मुलगा गेलेले असतात. जॅकी चॅनने कामही फार चांगलं केलंय. पण अपघात कुणाच्याही वाट्याला येतो. मॅन्झनार एकाच वंशाच्या माणसांच्या वाट्याला आलं. चेहरा आणि गाव बदलताना त्या चेहऱ्यामागचं सगळं सांडून गेलं, आणि ‘सिनेमा बघतो, वर्ण नाही’ म्हणणाऱ्याला ते सांडलेलं दिसतच नाही.

इथे राहिलं की ते दिसतं. आम्ही सप्टेंबरात सिअ‍ॅटलजवळच्या प्युॲलपच्या जत्रेला जातो. स्कोन खायचे, लाकडी रोलरकोस्टरवर बसायचं, बक्षीस मिळालेले भोपळे बघायचे. याच मैदानावर १९४२मध्ये सिअ‍ॅटल आणि आसपासचे सात हजारांहून अधिक जपानी वंशाचे लोक काटेरी तारांमागे ठेवले होते आणि तिथून आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत हलवले. त्यांतले बरेचसे जन्माने अमेरिकन. ज्यांची आई किंवा आजी त्या मैदानात राहिली अशी माणसं माझ्या ऑफिसात आहेत. त्यांच्यासमोर मी ‘कुणीही चालेल’ कुठल्या तोंडाने म्हणू?

त्याच २०१०च्या उन्हाळ्यात ‘द लास्ट एअरबेंडर’ आला. मूळ कार्टून मालिका आशियाई रूपारंगाची, तिबेटी आणि चिनी वळणाची. सिनेमात नायकांच्या भूमिका गोऱ्या मुलांना दिल्या आणि आक्रमण करणारं अग्निराष्ट्र सावळं झालं. राजपुत्र झुको म्हणजे देव पटेल. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, पुदुच्चेरीतल्या माहेचा जन्म. तेव्हा तिकडून आनंदाचे निरोप आले होते: आपला दिग्दर्शक, आपला हिरो! मी मुलाला घेऊन बघितला. मालिकेतला झुको खरं तर फार सुंदर लिहिलेला आहे, माझं सगळ्यात आवडतं पात्र. पण त्या सुट्टीत पोरं पार्कात हा खेळ खेळायची तेव्हा माझा मुलगा कायम अग्निराष्ट्रात. कुणी वाईट हेतूने करत नव्हतं. सिनेमात जसं दिसलं तशी वाटणी झाली, इतकंच.

२०१७च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये जपानी नायिकेच्या जागी स्कार्लेट योहान्सन आली. मूळ अ‍ॅनिमेशनपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी तिची निवड उचलून धरली. बरोबर आहे. टोकियोत राहणाऱ्याला रोज शंभर जपानी नायक-नायिका दिसतात. एक गेली तर काय झालं? मिरजेत टीव्ही लावला की सगळे चेहरे आपलेच. तिथून उदार होणं सोपं आहे.

आणि खरंच का आपण वर्ण बघत नाही? २०१४मध्ये मणिपूरच्या मेरी कोमची भूमिका प्रियांका चोप्राने केली. मेहनत केली, यात वाद नाही. पण मणिपुरी सिनेमा १९७२पासून आहे, तिथे नट्या आहेत, मग एकीलाही विचारावंसं का वाटलं नाही? उत्तर तेच, धंद्याची जोखीम. पुण्यात शिकायला आलेल्या ईशान्येकडच्या पोरांना रस्त्यात ‘चायनीज’ म्हणून हाका मारतात. ऑगस्ट २०१२मध्ये हल्ल्यांच्या अफवांनी घाबरून ती पोरं गाड्या भरभरून गावी परतली. हे मित्राला लिहिलं तर म्हणाला, विषय बदलू नकोस. मला तो एकच विषय वाटतो.

अमेरिकेने निदान या वादात मार खाऊन थोडं बदललंय. २०२१मध्ये चिनी वंशाच्या सुपरहिरोचा ‘शांग-ची’ आला तेव्हा ऑफिसातल्या चिनी वंशाच्या मित्रांनी अख्खी रांग बुक केली आणि मलाही नेलं. बसमधल्या मारामारीला ते ज्या आवाजात ओरडत होते, तसा आवाज मी मिरजेच्या थिएटरात ऐकला होता, त्यानंतर तिथेच. मला फार आनंद झाला. पण तो पाहुण्याचा आनंद होता. फॉर्मवर मी आशियाई आहे. त्या रांगेत मी बोलावून आणलेला होतो. तिकडे ब्रूस ली माझा होता, कुणाला विचारावं लागत नव्हतं. इथे त्याच्या थडग्यापाशी फुलं ठेवणारी चिनी कुटुंबं बघितली की मी जरा मागे सरकून उभा राहतो. आणि मित्र मला ‘तुम्हा अमेरिकावाल्यांत’ टाकतो तेव्हा सांगावंसं वाटतं, की अरे, तो हिशोब मी हौसेने शिकलेलो नाही. मीटिंगच्या खोलीत शिरलं की चेहरे आपोआप मोजले जातात. मिरजेत असतो तर मीही हेच म्हणालो असतो, कुणी का असेना.

‘किल’मध्ये मला सगळ्यात वेगळे वाटले ते दरोडेखोर. ते एकमेकांच्या नात्यातले आहेत, काका, पुतणे, भाऊ. नायक एकेकाला मारतो तेव्हा बाकीचे प्रेताला बिलगून रडतात, आणि बघणाऱ्याला नायकाचीच भीती वाटायला लागते. इंग्रजीत हे कुटुंब कोणतं असेल? आगगाडीत शिरणारी, एकाच रक्ताची, आपापसात वेगळ्या भाषेत बोलणारी टोळी म्हटल्यावर इथल्या कास्टिंगवाल्यांच्या डोळ्यांपुढे कोण येईल? मेक्सिकन, अरब की आपण? नायक गोरा घेतला तर मी तक्रार करणार नाही, एवढं मित्राला कबूल केलंय. टोळीतली नावं जाहीर होऊ देत. शिवाय त्यांचं ते रडणं सिनेमात ठेवतात की कापतात, तेही मला बघायचं आहे.