बिल आलं नाही, म्हणून चालता आलं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या आजोबांनी इंग्लंडमधली हेड्रियन्स वॉलची वाट पायी पूर्ण केली. न्यूकासलजवळच्या वॉल्सेंडपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या बोनेसपर्यंत, जुन्या रोमन भिंतीच्या कडेकडेने 84 मैल, म्हणजे साधारण 135 किलोमीटर. वय 68. ऐन उमेदीची 22 वर्षं ब्रिटिश फौजेत गेलेली. दीड वर्षापूर्वी लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, केमोथेरपी संपवून घरी आले, तेव्हा जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं.

एक दिवस मीही त्यांच्याबरोबर चाललो. स्टील रिगच्या आसपासचा तो टप्पा सगळ्यात दमवणारा, सारखा चढ आणि लगेच उतार. केमोमुळे त्यांच्या पायांच्या बोटांना नीट संवेदना उरलेली नाही. फोड आला तरी कळत नाही, बुटात खडा गेला तरी कळत नाही. त्यामुळे तासाभराने ते दगडावर बसायचे, बूट-मोजे उतरवायचे आणि एकेक बोट फाकवून नजरेने तपासायचे. हाताची बोटंही बधिर, गाठ मारता येत नाही. बायकोने बुटांना इलॅस्टिकच्या लेस ओवून दिल्या होत्या. समोरून येणारे लोक त्यांच्या सदऱ्यावरचं निधीचं आवाहन वाचून थांबत. एक बाई पाच पौंड देऊन निघाल्या, परत फिरल्या आणि आपल्या भावालाही हाच आजार असल्याचं सांगत दहा मिनिटं बोलत राहिल्या. जमलेले पैसे माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी जाणार होते.

त्या रात्री साताऱ्याला मामांना फोन केला. मामा निवृत्त सुभेदार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फौजी माणसानं हात पसरायचा नसतो. हे सरकारचं काम आहे." आमच्या घरातला हा जुना वाद. दुसरी बाजू म्हणते, सगळं सरकारवर कशाला टाकायचं, लोकांनी द्यावं की. मामांनी मग कॅप्टन टॉम मूर यांचं उदाहरण काढलं. म्हणाले, तिथंसुद्धा शंभरीच्या म्हाताऱ्याला दवाखान्यांसाठी फेऱ्या माराव्या लागल्या ना?

लागल्या. 2020 च्या एप्रिलमध्ये, शंभरावा वाढदिवस तोंडावर असताना, टॉम मूर यांनी वॉकर धरून घराच्या 25 मीटर आवारात शंभर फेऱ्या मारल्या. खुब्याचं हाड मोडून दोनच वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धात याच माणसाची पलटण आधी मुंबईत होती, नंतर ते ब्रह्मदेशात आराकानला लढले, तिथे डेंग्यूतून वाचले. उद्दिष्ट होतं 1,000 पौंडांचं, जमले 3 कोटी 20 लाखांहून जास्त. पुढे कुटुंबीयांनी त्यांच्या नावाने काढलेल्या वेगळ्या संस्थेची सरकारी चौकशी झाली आणि 2024 च्या अहवालात कुटुंबीयांवर गैरवर्तनाचा ठपका आला. दवाखान्यांना गेलेल्या पैशाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी लोकांना वाईट वाटलंच. मलाही वाटलं. देणगीचा हिशेब उघडा हवा, यात मामांचं आणि माझं दुमत नाही.

पण मामांच्या बोलण्यातून एक गोष्ट निसटते. आमच्या शेजाऱ्यांनी स्वतःसाठी एक पेनीही मागितली नाही. मागायची वेळच आली नाही. सहा महिने केमो झाली, स्कॅन झाले, रात्री-अपरात्री ताप चढल्यावर दवाखान्यात नेलं, आणि या सगळ्याचं बिल घरी आलं नाही. इथल्या, ब्रिटनच्या, सार्वजनिक आरोग्यसेवेत तपासणीसाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं, तो राग मीही अनुभवला आहे. तरीही घर गहाण न टाकता माणूस बरा होतो, आणि मग दुसऱ्यासाठी चालायला मोकळा होतो. करदात्याने देणगी म्हणून दिलेल्या प्रत्येक पौंडावर सरकार 25 पेन्सची भर घालतं, ती थेट संस्थेला मिळते. म्हणजे सरकार बाजूला झालं आणि लोकांनी भार उचलला, असंही इथे झालेलं नाही.

आपल्याकडे फोनवर येणारी आवाहनं आठवा. ऑपरेशनला इतके लाख कमी पडतायत, कृपया मदत करा, खाली दवाखान्यातल्या खाटेवरचा फोटो. तिथे आजारी माणूस स्वतःच्या जिवासाठी मागत असतो. याला दानशूरपणा म्हणून गौरवणं मला जमत नाही. देणाऱ्यांचा मी ऋणी आहे, पण ती मदत मागावी लागणं ही आपली नामुष्की आहे.

मामांना स्वतःला हे सोसावं लागलं नाही. 2003 साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, ईसीएचएसमध्ये, त्यांचं कार्ड आहे, आणि त्यांची अँजिओप्लास्टी त्यावरच झाली. 7 डिसेंबरच्या ध्वज दिनाला ते दरवर्षी निधी देतात, तेही ताठ मानेने, कारण स्वतःच्या औषधपाण्याची चिंता नाही.

त्यांच्या समोरच्या घरातला मुलगा मात्र अग्निवीर म्हणून भरती झाला आहे. चार वर्षांनी चारांतले तीन जण घरी येणार, हातात सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी घेऊन. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसही नाही. सियाचिनला राहून आलेला हा पोरगा चाळिशीत लिम्फोमाने आजारी पडला, तर त्याची पायपीट कुणासाठी असेल?

हे मामांना विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "त्याला कार्ड मिळालं पाहिजे. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत मी हे मांडतो. तू मुद्दे लिहून पाठव."

हा लेख लिहायला त्या मुद्द्यांपासूनच सुरुवात झाली.