नुसतं उकडून कडू कसावाचं विष जात नाही

‘अमेझॉनच्या जंगलातले लोक कडू कसावा उकडून त्यातलं विष घालवतात’ हे मी वाचलेल्या एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे आणि धोकादायकही. कसावा हा कंद. त्याच्या पेशीत लिनामरिन (ज्यातून सायनाइड सुटतं ते द्रव्य) एका जागी असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी. कंद किसला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. तो २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे पुढे भाजताना सहज उडून जातो. अख्खा कंद थेट उकळत्या पाण्यात टाकलात तर आधी विकरच निकामी होतं आणि लिनामरिन बरंचसं आतच राहतं.

म्हणून तिथल्या बायका कंद सोलून बारीक किसतात आणि कीस तिपितीत भरतात. लेखात तिपितीचं नावही नाही, याचं खरंच वाईट वाटलं. ही तिरक्या विणीची लांब नळी. भरताना आखूड आणि फुगीर असते. वरचं टोक आढ्याला अडकवून खालच्या फासात दांडा घालून त्यावर भार दिला की ती ताणली जाते, बारीक होते आणि कीस पिळून निघतो. पिवळा रस ठेवला की तळाला स्टार्च बसतो (आपला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा). वरचा रस भरपूर उकळल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. चोथा चाळून मोठ्या तव्यावर सतत हलवत भाजतात. विष काढायचं काम अर्धवट राहिलं तर काय होतं ते आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या नांपुला प्रांतात १९८१ साली दिसलं. दुष्काळात कडू कंद पुरेसे न वाळवता खाल्ले गेले आणि हजारावर लोकांचे, त्यातही मुख्यतः बायका-मुलांचे, पाय कायमचे ताठरले.