‘दहा बैठकांत हात पूर्ववत’: अर्धांगवायूवरील चुंबकोपचाराच्या दाव्याचा प्रतिवाद

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेल्या माझ्या काकांनी फिजिओथेरपी बंद केली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाने त्यांना पटवून दिले की डोक्याला चुंबक लावला की मेंदूतील गुठळी विरघळते, मेलेल्या पेशी जिवंत होतात, दहा बैठकांत हात पूर्ववत होतो, व्यायाम लागत नाही आणि दुष्परिणामही नाहीत.

गुठळीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ती विरघळवणारे इंजेक्शन अर्धांगवायूच्या झटक्यानंतर साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. चुंबकाचे ते कामच नव्हे. मेलेल्या पेशीही त्याने उठत नाहीत. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी दाखवलेल्या चुंबकीय उत्तेजनेच्या तंत्रात कवटीवर धरलेल्या कॉइलमुळे (तारेच्या वेटोळ्यामुळे) मेंदूच्या वरच्या थरात क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि तेथील जिवंत पेशींची उत्तेजितता कमी-जास्त होते, इतकेच.

खरा संताप येतो तो ‘व्यायाम लागत नाही’ या वाक्याचा. २०१८ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘निश’ चाचणीत अमेरिकेतील १२ केंद्रांतले, झटक्याला ३ ते १२ महिने झालेले १९९ रुग्ण होते. काहींना मेंदूच्या निरोगी बाजूवर खरी चुंबकीय उत्तेजना दिली, काहींना नकली. मात्र सहा आठवड्यांतील अठराही बैठकांत हाताचा तासभर सराव दोन्ही गटांकडून करून घेतला. सहा महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणा दिसली खऱ्या गटात ६७ टक्के आणि नकली गटात ६५ टक्के रुग्णांमध्ये. म्हणजे दोन्ही गटांना जे समान मिळाले होते, नेमके तेच हा संदेश सोडायला सांगतो!

एवढे मात्र मान्य करावे लागते की, झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत निरोगी बाजूला मंद गतीची उत्तेजना दिल्यास हाताला लाभ होतो, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत ठामपणे म्हटले आहे. पण तोही पुनर्वसनाला दिलेला जोड आहे, आणि काकांना झटका येऊन दोन वर्षे उलटली आहेत.

दुष्परिणामांबाबत थोडक्यात: डोके दुखू शकते, क्वचित आकडीही येते, आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) असल्यास हा उपचार सहसा टाळला जातो. संदेशात नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत दिला आहे. पूर्वी आकडी आली होती का, डोक्यात क्लिप बसवली आहे का, हे विचारणारी ओळ मात्र त्यात नाही.