९७ सेंट म्हणजे ९७ टक्के नव्हे

अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीचे ‘भाव’ दाखवणारे स्क्रीनशॉट हल्ली आपल्या ग्रुप्सवरही फिरतात. कल्शी किंवा पॉलिमार्केट या निकालांवर पैसे लावायच्या साइट्सवर अमुक मतदारसंघात रिपब्लिकन ९७ सेंट, डेमोक्रॅट ३ सेंट. लगेच कुणीतरी लिहितं, ‘मार्केट ९७ टक्के खात्री देतंय.’ कसली खात्री? जो मतदारसंघ एखाद्या पक्षाचा बालेकिल्ला आहे, तिथला हा भाव जवळजवळ काहीच सांगत नाही.

हिशोब साधा आहे. अंदाज बरोबर आला तर १ डॉलर, चुकला तर शून्य. ९७ ला घेणाऱ्याला जिंकूनही तीनच सेंट सुटणार, आणि तेही निकालापर्यंत पैसे अडकवून. ज्याला आतलं-बाहेरचं सगळं कळतं तो म्हणतो, एवढ्यासाठी कोण पैसे गुंतवणार, त्यापेक्षा सरकारी रोखे बरे. दुसऱ्या बाजूला ३ सेंटांत लॉटरी घेणारे हौशी असतातच. त्यामुळे खरी शक्यता साडेनव्याण्णव असली तरी भाव ९७ वर रेंगाळतो. वरचे दोन-तीन सेंट म्हणजे बरेचदा अडकलेल्या पैशाचं भाडं. (काही ठिकाणी आता अडकलेल्या रकमेवर व्याज देतात, त्याने थोडा फरक पडतो.) प्रेडिक्टइट या तशाच आणखी एका साइटवर तर एका पर्यायावर ८५० डॉलरची मर्यादा होती, वर नफ्यातले १० टक्के कापून घ्यायचे आणि पैसे काढताना आणखी ५. म्हणून २०२० च्या अध्यक्षपदाचा निकाल लागून काही आठवडे उलटले तरी तिथे ट्रम्प यांच्या विजयावर काही सेंट मोजणारे होतेच!

शिवाय अशा लहान जागांवर उलाढाल नगण्य. कुणी काहीशे डॉलर ओतले की ४ चे ८ होतात, आणि ‘शक्यता दुप्पट’ म्हणत देणगीचे ईमेल सुटतात.

फ्लोरिडाचा सहावा मतदारसंघ घ्या. माइक वॉल्ट्झ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले म्हणून १ एप्रिल २०२५ ला पोटनिवडणूक झाली. ट्रम्प यांनी तिथे २०२४ मध्ये ३० टक्क्यांनी आघाडी घेतली होती. डेमोक्रॅट जॉश वाइल यांनी सुमारे १ कोटी डॉलर गोळा केले, रिपब्लिकन रँडी फाइन त्याच्या आसपासही नव्हते. निवडून आले फाइनच, पण १४ टक्क्यांनी. कोण जिंकणार, यात बातमी नव्हतीच. मताधिक्य निम्म्याहून खाली आलं, ही बातमी होती, आणि ‘कोण जिंकणार’च्या भावात ती दिसूच शकत नाही.

खरी अनिश्चितता असते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात. २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कँटर, म्हणजे सभागृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते, पक्षाच्याच डेव्ह ब्रॅटकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात जो क्राउली अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझकडून हरले. तिथे मतदान झालं ३० हजारांच्या आसपास, लोकसंख्या सातेक लाख! एवढे कमी लोक ठरवणार असतील तर जनमत चाचणीवालेही चाचपडतात, मग सट्टेवाल्यांचं काय.

आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांचंही तेच. मिशिगनचा तेरावा मतदारसंघ, म्हणजे डेट्रॉइटचा बराचसा भाग, डेमोक्रॅट्सचा पक्का गड. २०२२ च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार २८ टक्क्यांवर, सुमारे २२ हजार मतांत पुढे निघाले. नोव्हेंबरमध्ये मात्र ७० टक्क्यांच्या घरात. आपल्याकडे ‘मराठी माणूस काँग्रेसमध्ये’ म्हणून पेढे वाटले गेले ते नोव्हेंबरनंतर. निवडून ते ऑगस्टमध्येच आले होते.

‘हा सट्टा नाही, एक्स्चेंज आहे’ हेही ऐकतो. वायदे बाजाराची अमेरिकी नियामक सीएफटीसीने २०२३ मध्ये कल्शीला काँग्रेसच्या निवडणुकीवरचे करार नाकारले, सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने कल्शीच्या बाजूने निकाल दिला आणि दार उघडलं. कायद्याने एक्स्चेंज, कबूल. मुंबईचा आकडाही एकेकाळी न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या भावावरच लागायचा, एवढंच आठवलं.

तेव्हा कृपा करून डेट्रॉइटचा नोव्हेंबरचा भाव मला पाठवू नका. ऑगस्टच्या प्रायमरीचा असेल, आणि त्यात बऱ्यापैकी पैसा फिरत असेल, तर जरूर पाठवा.