बॉम्ब आणि जर्नल

भाच्याचा फोन आला की हल्ली एकच विषय. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, इंटेलचा 8086 प्रोसेसर आला 1978 साली. तेव्हा आईचासुद्धा जन्म झाला नव्हता! अभ्यासक्रमातून तो काढा आणि एआय घाला, एवढंच म्हणतोय आम्ही." त्याचे सर म्हणतात, पाया हवा. वाद तिथेच अडतो: कुठला धडा काढायचा, कुठला घालायचा.

मी पिट्सबर्गला राहतो. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1998 साली रँडल ब्रायंट आणि डेव्हिड ओ'हॅलरन यांनी कॉम्प्युटर सिस्टिम्सचा कोर्स सुरू केला. त्याचा क्रमांक 15-213, आणि विद्यापीठाचा पिनकोडही 15213. एमएस करताना मी तो घेतला, पुढे टीए, म्हणजे शिक्षकांचा मदतनीस, म्हणून तिथेच राबलो. त्यात आहे काय? असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा), मेमरी, कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, झटपट मेमरी). म्हणजे भाचा ज्याला जुनाट म्हणतो तेच. आजच्या 64-बिट प्रोसेसरचं आरएएक्स रजिस्टर (आकडे ठेवायचा आतला छोटा कप्पा) सोललं, तर आत 8086 चं एएक्स रजिस्टरच निघतं.

फरक पडतो तो कोर्सच्या बांधणीने. तिथला 'बॉम्ब लॅब' घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रोग्रॅम मिळतो, पण सोर्स कोड, म्हणजे तो मुळात कसा लिहिलाय ते, मिळत नाही. सहा टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक गुप्त ओळ टाइप करायची. चुकली की बॉम्ब फुटतो, सर्व्हरला खबर जाते आणि अर्धा मार्क जातो. मग डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं साधन) उघडून, ब्रेकपॉइंट म्हणजे थांबे लावून, एकेक इन्स्ट्रक्शन वाचत बसायचं. प्रत्येकाचा बॉम्ब वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही हाती लागत नाही. तपासायला परीक्षकही लागत नाही.

इकडे येण्याआधी, भारतातल्या कॉलेजात आमचं असेंब्लीचं प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरचं जर्नल रात्रीत उतरवणं. फ्लोचार्ट पेन्सिलीने, बाकी निळ्या शाईने. ओरलला एक्स्टर्नल विचारायचे, "8086 मध्ये फ्लॅग किती?" (फ्लॅग म्हणजे प्रोसेसरची अवस्था सांगणाऱ्या खुणा.) "नऊ, सर." झाली ओरल. तो प्रोग्रॅम मी एकदाही चालवला नव्हता, हे कोणालाच कळलं नाही.

यात मास्तरांचा दोष थोडा. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर काढणारा तिसराच. शिकवणाऱ्याने स्वतःचा असाइनमेंट रचला तरी त्याला मार्क कुठे द्यायचे? स्वायत्त कॉलेजांना मात्र ही सबब उरत नाही.

"तुमच्याकडे पैसा आहे," हे ऐकून घ्यावंच लागतं. इथली वर्षाची फी 60 हजार डॉलरच्या वर आहे आणि टीएंची फौज असते. कॉपी इथेही होते, पकडलीही जाते. पण बॉम्बला पैसा लागत नाही. शिक्षकांना तो मागवता येतो, आणि घरी सोडवण्याजोगा एक नमुना कोणालाही फुकट मिळतो. जर्नलच्या कागदाला आणि स्पायरल बाइंडिंगला याहून जास्त खर्च येतो!

तो नमुना भाच्याला पाठवला. आठवडाभर गप्प होता. काल त्याच्याकडे रात्रीचे दीड वाजले असताना मेसेज आला: "मामा, दुसऱ्या टप्प्यात सहा आकडे मागतोय. आधीचा दुप्पट करतोय का हा? सांगू नका."