तीन वर्षं कुणाला? भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज आणि माझा भाचा

रविवारी फुलेवाडीला अक्काकडं जेवायला गेलो होतो. पांढरा रस्सा दुसऱ्यांदा वाढताना ती हळूच म्हणाली, "हात धुतलास की जरा आत ये." आत गेल्यावर तिनं मोबाईल पुढं केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘हायकोर्टाच्या वकिलांकडून आलेली खात्रीशीर माहिती’. वकिलाचं नाव कुठंच नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

एका आईपर्यंत पोचला, आणि तिनं तीन आठवडे तोंड उघडलं नाही. म्हणून हे लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

मेसेजात सहा मुद्दे आहेत. एक, ऑनलाइन गेमच्या नव्या कायद्यात खेळणाऱ्यालाही 3 वर्षं तुरुंग आणि 1 कोटी दंड आहे, तेव्हा घरात कुणी खेळत असेल तर ‘वाच्यता करू नका, पोलिसात अजिबात जाऊ नका’. दोन, रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय. तीन, सरकारचा 20 हजार कोटींचा कर बुडणार आणि 2 लाख नोकऱ्या जाणार. चार, क्रिकेट संपणार. पाच, लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यती चालतात, मग हेच का? सहा, बंदीनं काही होत नाही, सगळे परदेशी अ‍ॅपवर जाणार.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण घर जाळलं ते त्यानं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा हा कायदा लोकसभेत 20 ऑगस्ट 2025 ला मंजूर झाला, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. राजपत्रात छापलाय, कुणालाही वाचता येतो, लांबही नाही. शिक्षा कलम 9 मध्ये आहेत. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला, पुरवणाऱ्याला, त्यात लोकांना ओढणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्याला पुन्हा 3 वर्षं आणि 1 कोटी. दुसऱ्यांदा सापडला तर यापेक्षा जास्त. खेळणाऱ्याला? काही नाही. पूर्ण कलम दोनदा वाचलं. खेळणारा त्यात गुन्हेगार म्हणून येतच नाही. सरकारनं संसदेतही हेच सांगितलं, की खेळणारा हा बळी आहे.

म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं 3 वर्षं आणि 1 कोटी हे आकडे बरोबर उचलले, फक्त ज्याच्या गळ्यात होते त्याच्या गळ्यातनं काढून माझ्या भाच्याच्या गळ्यात घातले. ही चूक वाटत नाही मला.

का, ते सांगतो. भाचा चोवीस वर्षांचा. उद्यमनगरात सीएनसीवर काम करतो, हात चांगला आहे. वर्षभर रमी खेळून पगारातले, भिशीतले आणि एका लोन अ‍ॅपवरून उचललेले मिळून एक लाख ऐंशी हजार घालवले. ऑगस्टात ते अ‍ॅप बंद पडलं तेव्हा, त्याच्याच शब्दांत, "मामा, सुटलो असं वाटलं." आठवड्याभरात ओळखीतल्या एकानं ‘आयडी’ दिली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आयडी म्हणजे परदेशी सट्ट्याच्या साइटवर एजंटानं उघडून दिलेलं खातं. पैसे एजंटाच्या यूपीआयवर टाकायचे, तो तिकडं पॉइंट चढवणार. पोरगा चक्क जिंकला. काढायला गेला तर ‘आधी कर भरा’. दिवाळीच्या बोनससकट चाळीस हजार भरले, मग आयडी बंद, फोन बंद.

आता हा सरळ फसवणुकीचा मामला. त्याच दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा होता. पण तोवर अक्काकडं हा मेसेज आलेला. तिनं पोराला सांगितलं, "गप बस, न्हाईतर तूच आत जाशील." पोरगं गप बसलं. दाजींना अजून पत्ता नाही. ‘वाच्यता करू नका’ या तीन शब्दांचा फायदा या अख्ख्या प्रकरणात फक्त एका माणसाला झाला, आणि तो म्हणजे आयडी देणारा. कायद्यातली 3 वर्षं नेमकी त्याच्यासारख्यासाठी लिहिलेली आहेत.

एक कबूल करतो. अक्काची भीती अगदीच हवेतली नव्हती. राज्यात 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहे आणि त्यात अड्ड्यावर खेळताना सापडलेल्यालाही शिक्षा आहे. ‘तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा, इतके जण ताब्यात’ ही बातमी कोल्हापुरात जन्मापासून वाचतोय आपण. त्यामुळं जुगार म्हटलं की खेळणाऱ्याच्याच मुंडीवर हात पडतो, हे डोक्यात पक्कं बसलंय. मेसेजनं त्याच भीतीवर दुकान मांडलं.

दुसरा मुद्दा, रमीचं कौशल्य. अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य. 1967 साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सुप्रीम कोर्टानं रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटलं. पण त्याच निकालात पुढं असंही आहे, की पैसे लावून खेळवून क्लबवाला त्यातनं नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबवरच्या छाप्याचा होता. समोरासमोर बसलेली, एकमेकांना ओळखणारी माणसं. इथं प्रत्येक डावातनं कमिशन कापणारी कंपनी, आणि समोरचे पाच जण कोण ते ठाऊक नाही. निकालाचं पहिलं वाक्य पाठ करायचं आणि दुसरं गिळायचं, याला वकिली म्हणत नाहीत. आणि नव्या कायद्यानं तर कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवलाय : पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कुठलाही असो. हे घटनेत बसतं का, यावरच्या याचिका सुप्रीम कोर्टात आहेत. तिथं काय ठरायचं ते ठरेल, पण त्यानं भाचा गुन्हेगार होत नाही.

20 हजार कोटी आणि 2 लाख नोकऱ्या हे आकडे कंपन्यांच्या संघटनांनी स्वतःच गृहमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रातले आहेत. गंमत अशी की लोक दरवर्षी किती घालवतात याचा सरकारी अंदाजही 20 हजार कोटींचाच. दोन्हीकडचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. पण ऑक्टोबर 2023 पासून खेळणाऱ्यानं भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, तो भरला कुणी? कंपनीच्या संचालकानं नव्हे. नोकऱ्या गेल्या हे मात्र खरं, आणि त्यात पोटाला लागलेली साधी पोरंही होती. त्यांचं वाईट वाटतं.

क्रिकेट संपणार म्हणे! ड्रीम इलेव्हन या असल्याच अ‍ॅपचं नाव भारताच्या जर्सीवरून गेलं, संघ छातीवर कुणाचंच नाव न लावता आशिया कप खेळला आणि जिंकून आला. तेवढ्यात टायर कंपनी रांगेत उभी राहिली, तीही आधीपेक्षा जास्त पैसे घेऊन. पुढं.

पाचव्या मुद्द्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. राज्य सरकार 1969 पासून स्वतः लॉटरी विकतंय, शर्यतींवर पैसे लागतात. ढोंग आहेच. 2025 च्या जुलैत विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर पत्ते दिसणारा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण रमी खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. मग खातं बदललं, आणि मिळालं काय, तर क्रीडा! यावर मी काय बोलावं? पण शेजारच्या घरात ढेकूण आहेत म्हणून आपल्या गादीतले राहू द्यावेत, हे मला पटत नाही.

आता सहावा. परदेशी अ‍ॅपवर लोक जातात हे खरंच, भाचाच गेला. 2022 पासून जून 2025 पर्यंत सरकारनं अशा दीड हजारांवर साइट्स आणि अ‍ॅप बंद करायचे आदेश काढले, तरी नव्या उगवतात. मटकाही कायद्यानं कधीच बंद आहे आणि कुठं मिळतो ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. पण मटक्याला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, चिठ्ठी फाडताना ओळखीचं कुणी बघेल म्हणून मान खाली घालावी लागायची, आणि ओपन म्हणजे पहिला आकडा लागल्यावर क्लोजपर्यंत, म्हणजे दुसऱ्या आकड्यापर्यंत, घरी यावं लागायचं. अ‍ॅपला क्लोज नाही. भाच्याचं बँक स्टेटमेंट बघितलं : रात्री 1 वाजून 40, 1 वाजून 52, 2 वाजून 5. सकाळी सातची पाळी. आयडी मिळवायला निदान एजंट गाठावा लागतो, आणि टीव्हीवर कुठला खेळाडू येऊन ‘डाउनलोड करा’ म्हणत नाही. बंदीनं सगळे थांबणार नाहीत. जे नुसत्या जाहिरातीवरून शिरले असते, त्यांतले बरेच शिरणार नाहीत. मला तेवढं पुरतं.

रविवारी दुपारी अक्काच्या स्वयंपाकघरातनंच 1930 लावला. पलीकडून व्यवहाराचे क्रमांक आणि तारखा मागितल्या, भाचा ओट्याला टेकून एकेक वाचत होता. पैसे परत येतील का, सांगता येत नाही. अशा तक्रारीत पहिले काही तास मोलाचे असतात आणि आमचे तीन आठवडे गेले. तक्रार झाल्यावर अक्कानं तो मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला बी असाच आला, मी काय वाचला न्हाई."

दाजींना सांगायचं अजून बाकी आहे. ते काम अक्कानं माझ्यावर टाकलंय, येत्या रविवारी.