एमव्हीपी ही परीक्षा नाही आणि नोकरीही नाही

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतो आहे. मायक्रोसॉफ्टचे एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) म्हणजे कंपनीने पगारावर नेमलेली माणसं, आणि फी भरून कोर्स केला, परीक्षा दिली की कुणालाही एमव्हीपी होता येतं, असं त्यात म्हटलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एमव्हीपी हा पुरस्कार आहे. तो 1993 साली सुरू झाला, कॉम्प्युसर्व्ह या त्या काळच्या ऑनलाइन सेवेवर अनोळखी लोकांच्या अडचणी फुकट सोडवत बसणाऱ्यांची दखल घेण्यासाठी. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना तो मिळतच नाही. परीक्षा असते ती कंपनीच्या प्रमाणपत्रांसाठी. तो मार्ग पूर्ण वेगळा. इथे मागच्या वर्षभरात तुम्ही इतरांना काय दिलंत तेच पाहतात: उत्तरं, व्याख्यानं, लेख, ओपन सोर्स कोड. मान एका वर्षाचा, पुढे पुन्हा तपासणी. पगार नाही. सॉफ्टवेअर वापरायला मिळतं, कंपनीच्या तंत्रज्ञांशी थेट बोलता येतं, आणि शिकणाऱ्याला हे खरंच मोलाचं असतं.

ही माणसं किती उपयोगी पडतात हे एकदा स्पष्ट दिसलंय. ऑक्टोबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने हा उपक्रम बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा इतका निषेध झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

त्यामुळे ‘एमव्हीपी करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आणि हा मेसेज पुढे पाठवू नका.